दरवाजे मोजा, मग पुढे पाठवा

फिरत आलेले फोटो कसे तपासायचे, यावरच्या एका लेखात म्हटलंय, ‘फोटो गूगलवर टाकला की खरं-खोटं कळतं’. हे वाक्य अर्धंच बरोबर आहे. तोच फोटो जुन्या तारखेचा सापडला तर ‘हा आजचा’ हा दावा पडतो. पण काहीच सापडलं नाही म्हणून तो आजचा ठरत नाही. आणि व्हिडिओ थेट शोधता येत नाही. तो थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या, वर चिकटवलेला मजकूर कापा, मग गूगल लेन्सला (चित्रावरून शोधणारं गूगलचं साधन) द्या. मजकूर राहिला तर लेन्स अक्षरांमागेच धावतं.

पावसाळ्यात ‘जायकवाडीचे दरवाजे उघडले’ म्हणून काय काय फिरतं! नाथसागराला (म्हणजे पैठणच्या या जायकवाडी धरणालाच) दरवाजे २७, भिंत मातीची, सुमारे १० किलोमीटर लांब, आणि पैठणचा परिसर सपाट. व्हिडिओत दोन्हीकडे हिरवेगार डोंगर दिसले की तिथंच सोडून द्या, लेन्सही नको.

आकड्यांची गंमत वेगळीच. ‘१ लाख टीएमसी सोडले’ असं बिनधास्त लिहितात. अहो, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग. ११,५७४ क्युसेकनं सलग २४ तास पाणी सोडलं तर कुठं १ टीएमसी होतं. अख्ख्या धरणाचा साठा १०२ टीएमसीच्या आसपास!

गॅलरीतली तारीख बघू नका, ती बहुतेकदा तुमच्या फोनमध्ये फोटो उतरल्याची असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की मूळ तारीख-ठिकाण निघून जातं. पाठवणाऱ्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ‘मलाही आलाय’ म्हणाला की समजून घ्या, मूळ फोटो त्याच्याकडेही नाही.