सँगरना साक्षीला बोलावण्याआधी

कुणाची बढती अडली किंवा यूजीसीचा नवा नियम निघाला, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आमच्या एम.एस्सी.च्या बॅचच्या ग्रुपवर तो नुकताच तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश शास्त्रज्ञाला दोनदा नोबेल मिळालं, असा जगातला तो एकमेव माणूस. पण आयुष्यभरात त्याने मोजकेच पेपर लिहिले. इन्शुलिनवरच्या कामानंतर पंधरा वर्षं तर काहीच छापलं नाही. त्याची सायटेशन (इतरांच्या पेपरांत मिळालेले संदर्भ) नगण्य, एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला अंक) इतका कमी की आज आपल्याकडे त्याला असिस्टंट प्रोफेसर म्हणूनही कुणी घेणार नाही. तरी तो एकटा, अनुदानाची भीक न मागता काम करत राहिला. तात्पर्य, सायटेशन हे थोतांड आहे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मीही एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याच्या पद्धतीचे, तक्ते भरलेत. कुठल्या पेपरचे किती गुण यावर तासन्‌तास खल झालेल्या बैठकांना बसलोय. त्यामुळे या मजकुरामागची चीड मला कळते. पण चीड खरी असली म्हणून पुरावा खरा होत नाही. त्यातून सँगर म्हणजे असा साक्षीदार, की त्यांना पिंजऱ्यात उभं केलं तर ते समोरच्या पक्षाच्या बाजूने बोलतील.

सोप्या मुद्द्यापासून सुरुवात करू. दोन नोबेल मिळवणारे सँगर एकमेव नाहीत. मेरी क्युरी आहेत, लायनस पॉलिंग आहेत, भौतिकशास्त्रात दोनदा (१९५६ आणि १९७२) मिळवणारे जॉन बार्डीन आहेत. रसायनशास्त्रात दोनदा मिळवणारे सँगर एकटे होते, हे बरीच वर्षं खरं होतं. २०२२ मध्ये बॅरी शार्पलेस यांना दुसरं नोबेल मिळालं आणि तेही संपलं. मजकूर बहुधा त्याच्या आधीचा असावा. फॉरवर्डला एक्स्पायरी डेट नसते.

आता ‘पंधरा वर्षं काहीच छापलं नाही’. याचं मूळ सापडतं, आणि ते चांगल्या माणसापाशी सापडतं. सँगर नोव्हेंबर २०१३ मध्ये वारले. त्यानंतर सिडनी ब्रेनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं. ब्रेनर स्वतः नोबेलविजेते, केंब्रिजला सँगर यांच्याच प्रयोगशाळेतले सहकारी, आणि जीभ भलतीच तिखट. आजच्या विज्ञानात सँगर टिकले नसते, असं त्यांनी लिहिलं. इन्शुलिन ते आरएनए आणि आरएनए ते डीएनए या दोन मोठ्या मधल्या काळांत त्यांनी महत्त्वाचं फारसं काही छापलं नाही, असा शेरा एखाद्या समितीने मारला असता, हा त्यांचा टोला होता. टोला समित्यांना होता. ‘महत्त्वाचं फारसं नाही’ हे समितीच्या तोंडी घातलेलं वाक्य होतं. फॉरवर्ड होता होता समिती गळाली, ‘महत्त्वाचं’ गळालं, ‘फारसं’ही गळालं आणि ‘काहीच नाही’ एवढं उरलं.

प्रत्यक्षात काय होतं? इन्शुलिनवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा पेपर १९४५ चा. १९५१ मध्ये हान्स टप्पी यांच्यासोबत तीस अमिनो आम्लांच्या बी साखळीचा क्रम, १९५३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत एकवीसच्या ए साखळीचा, आणि १९५५ मध्ये या दोन साखळ्या गंधकाच्या कुठल्या पुलांनी जोडल्यात त्याचा उलगडा. प्रथिनाला ठरलेला, नेमका क्रम असतो हे एकावन्न मण्यांची ही माळ उलगडल्यावर पहिल्यांदा सिद्ध झालं. त्याचं नोबेल १९५८ मध्ये, एकट्यांना.

त्यानंतरचा काळ पडका होता हे सँगरनी स्वतःच १९८८ च्या एका आत्मपर लेखात कबूल केलंय. पण पडका म्हणजे रिकामा नव्हे. त्या वर्षांत ते किरणोत्सर्गी फॉस्फरस आणि गंधक वापरायला शिकत होते, एन्झाइमांच्या सक्रिय जागांवर काम करत होते. १९६४ मध्ये मार्कर आणि सँगर यांना टी-आरएनएला (प्रथिन बांधताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या आरएनएला) जोडलेलं फॉर्माइल-मेथिओनिन सापडलं. जिवाणूंमध्ये प्रथिनाची साखळी याच्यापासून सुरू होते हे आज एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी पाठ करावं लागतं, पण ते कुणाला सापडलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९६५ मध्ये ब्राउनली आणि बॅरेल यांच्यासोबत आरएनएचे तुकडे दोन दिशांना वेगळे करण्याची रीत आली. तिच्या जोरावर १९६७ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या ५एस नावाच्या आरएनएची १२० अक्षरं वाचून झाली. १९६९ मध्ये आर१७ या विषाणूच्या आरएनएचा ५७ अक्षरांचा तुकडा. १९७५ मध्ये कोल्सन यांच्यासोबत डीएनए वाचण्याची ‘प्लस-मायनस’ पद्धत. याला ‘काहीच नाही’ म्हणायचं असेल, तर आमच्या विभागातल्या निम्म्या बायोडेटांना काय म्हणायचं?

‘सायटेशन नगण्य’ हा मुद्दा वाचून मात्र मी मोबाइल बाजूला ठेवला आणि चहा करून आलो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘नेचर’ने तोवरच्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली होती. पहिला, ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा: ३ लाख ५ हजारांवर संदर्भ. दुसरा लेम्ली यांचा १९७० चा, प्रथिनं जेलमधून वेगळी करण्याच्या कृतीसाठी वापरला जाणारा: २ लाख १३ हजार. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, प्रथिनं मोजण्याच्याच आणखी एका पद्धतीचा: दीड लाखावर. आणि चौथा, डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीवरचा सँगर, निकलेन आणि कोल्सन यांचा डिसेंबर १९७७ चा: ६५ हजारांवर. शंभरातला नव्वदावा नव्हे, चौथा. सायटेशनवर टीका करायला ज्या माणसाला पुढे केलंय, तो सायटेशनच्या मैदानात जगातल्या चौथ्या क्रमांकावर उभा आहे.

ही यादी बारकाईने वाचण्यासारखी आहे. वरच्या चारही निबंधांत विश्वाचं कुठलंही रहस्य उलगडलेलं नाही. चारही पद्धती आहेत, हत्यारं आहेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात बायोकेमिस्ट्री केलेल्या माणसाच्या हाताखालून यातल्या दोन तरी गेलेल्या असतात. लाउरीच्या प्रॅक्टिकलला फोलिन रिएजंट घातल्यावर नळीत चढत जाणारा तो निळा रंग, आणि लेम्लीच्या जेलमधून एखाद्या बाजूने हमखास गळणारं बफर. लेम्लींची गंमत तर अशी की त्यांचा पेपर टी४ विषाणूचं डोकं कसं बांधलं जातं यावर आहे. जेलची कृती हे त्या कामाचं साधन होतं. दोन लाख लोकांनी त्या साधनासाठी पेपर उद्धृत केला, विषाणूच्या डोक्याशी त्यातल्या फार थोड्यांना देणंघेणं होतं. तो पेपरही सँगर ज्या प्रयोगशाळेत होते तिथलाच, केंब्रिजच्या एमआरसीच्या (ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या). आणि डीएनएच्या दुहेरी पिळाचा १९५३ चा पेपर? त्या शंभरात तो नाहीच.

म्हणजे आकडा खोटं बोलत नाही. एखादी गोष्ट किती जणांनी हातात घेऊन वापरली, हे तो सांगतो. ती किती थोर होती हे त्याला विचारलंच तर दोष विचारणाऱ्याचा. लाउरींना स्वतःलाही आपला तो पेपर फार थोर वाटत नव्हता आणि त्यांनी ते उघड सांगितलं होतं.

एच-इंडेक्सचं प्रकरण याहून विनोदी आहे. हा निर्देशांक होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. सँगर १९८३ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, हातातली पिपेट ठेवून बागकामाला लागले होते. संदर्भ मोजण्याची गारफील्ड यांची सूची सुरू झाली तीच १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या नोबेलनंतर सहा वर्षांनी. सँगर यांची ही मोजणी त्यांच्या उमेदीच्या वर्षांत कुणी केलीच नव्हती. शिवाय जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकेच संदर्भ मिळाले तेवढा हा निर्देशांक, त्यामुळे तीन पेपर लिहिले आणि प्रत्येकाला ६५ हजार संदर्भ मिळाले तरी एच-इंडेक्स तीनच भरतो. इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या हाताला खरी त्रुटी लागली होती. पण ती या एका मापाची त्रुटी आहे. तेवढ्यावरून ‘सायटेशन थोतांड’ हा निकाल देता येत नाही.

राहिला ‘एकटा आणि अनुदानाशिवाय’ हा भाग. तो सगळ्यांत जास्त शेअर होतो, कारण त्यात गोष्ट आहे. सँगर स्वतः बेंचवर उभे राहून काम करत, हे खरं. पण वर आलेली नावं मोजा: टप्पी, थॉम्पसन, मार्कर, ब्राउनली, बॅरेल, निकलेन, कोल्सन. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्यांत रॉडनी पोर्टर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न आहेत. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, १९७२ आणि २००९ मध्ये. दुसरं नोबेल, १९८० चं, सँगरना वाटून मिळालं: अर्धं पॉल बर्ग यांना, उरलेल्या अर्ध्यात सँगर आणि वॉल्टर गिल्बर्ट.

आणि पैसा. सँगरची आई कापडगिरणीवाल्या श्रीमंत घरातली. आईवडील बऱ्यापैकी पैसेवाले नसते तर आपण केंब्रिजला बहुधा पोचलोच नसतो, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पीएच.डी. त्यांनी शिष्यवृत्तीवाचून केली, कारण गरज नव्हती. १९४४ पासून बीट फेलोशिप, १९५१ पासून एमआरसीची पगारी नोकरी. तीही अशी की शिकवायचं नाही, दर तीन वर्षांनी प्रस्ताव लिहायचा नाही, आणि पडक्या काळात कुणी दारावर टकटक करायचं नाही. अनुदानाची भीक त्यांनी मागितली नाही हे खरंच आहे. त्यांना ती मागावी लागली नाही.

ब्रेनर यांचा टोला इथे बरोबर बसतो, आणि मजकुरातलं एवढं मी मान्य करतो. १९६१-६२ च्या सुमारास एखाद्या समितीने सँगरकडे तीन वर्षांचा हिशोब मागितला असता, तर तो कागदावर फिका दिसला असता. मात्र त्या फिक्या वर्षांत माणूस तगला तो पगारामुळे. आमच्या ग्रुपवर हा मजकूर टाकणाऱ्या मित्राला मी विचारलं, की तुला राग मोजणीचा आहे की कंत्राटाचा? तो गेली आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. त्याने उत्तर दिलं नाही, फक्त मेसेज डिलीट केला. मला ते आवडलं नाही. वाद घालायला हवा होता.

एक गोष्ट मजकुरात नाही, पण असायला हवी होती. ६५ हजार हा आकडा मुळात तोकडा आहे. २००३ मध्ये पूर्ण झालेला मानवी जनुकसंचाचा प्रकल्प मुख्यतः याच पद्धतीवर उभा राहिला. आजही पुण्यातल्या कुठल्याही लॅबमधून पीसीआरचा नमुना सिक्वेन्सिंगला पाठवताना फॉर्मवर ‘सँगर’ या चौकटीवर खूण करतात. पद्धत एवढी अंगवळणी पडली की तिचा संदर्भ द्यायचं लोकांनी सोडून दिलं. सुईचा शोध कुणी लावला, असं शिंपी विचारत नाही.

हे लिहिताना माझे स्वतःचे पेपर काढून पाहिले. तीन पेपरांमध्ये ‘सँगर सिक्वेन्सिंगने खात्री करून घेतली’ असं वाक्य आहे. संदर्भसूचीत १९७७ चा तो निबंध एकातही नाही.