सेवेला आलेले पाहुणे

अमेरिकेतल्या कॉलेजांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काळ्या मातीचा गारा झालेला असतो. आमंत्रण पाठवणाऱ्यांनी तिकडचं कॅलेंडर पाहिलं, इकडचं आभाळ कुणी पाहिलं नाही. म्हणून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेची, पोरांना बायबल शिकवतात ती खोली रंगवायला चार पाहुणे आले ते ऐन जुलैत. जुलैत आमच्याकडे कुणी भिंत रंगवत नाही. उभी आहे ना, एवढंच पाहतात.

"मास्तर, तुमचं इंग्रजी बरं आहे अन् तुमच्या घरावर स्लॅब आहे," उपासना सुटल्यावर पाळकसाहेब म्हणाले. या दोन गुणांवर पाहुणे माझ्या पदरात पडले. वर तंबी अशी की पर्यटक व्हिसावर आलेल्यांना धर्मप्रचार करता येत नाही, तेव्हा रंगकाम आणि पोरांचे खेळ, बाकी काही नाही. प्रचाराची मला धास्ती नव्हतीच. धास्ती होती 'सी' फॉर्मची. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागतो, आणि आमच्या गावात धड रेंज येते ती पाण्याच्या टाकीच्या अर्ध्या शिडीवर. चार पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी चढलो. साइट कधी फोटो घेईना, कधी घेऊन परत देईना. वरून पाऊस. खाली हळूहळू गर्दी जमली. टाकीवर माणूस चढला म्हणजे आंदोलन, एवढं आमच्या भागात लहान पोरालाही कळतं.

"मास्तर, मागणी काय हाये तुमची?" कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्यानं सरपंचांना फोनही लावला, पण त्याला रेंज मिळाली नाही.

पाहुण्यांचे टी-शर्ट एकसारखे, निळे. पाठीवर मोठ्या अक्षरात 'मार्क १०:४५'. सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला आलो, असं सांगणारं ते बायबलमधलं वचन. मंडळीतल्यांना ते पाठ होतं. बाकी गावानं मात्र पावणेअकराला काहीतरी आहे असं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला पन्नासेक माणसं माझ्या अंगणात येऊन बसली. रिकामं कसं पाठवायचं? आईनं सगळ्यांना चहा केला.

आई हा या मोहिमेतला मोठा अडथळा होता. पाहुणे ताट धुवायला उठले की ती हातातून ताट ओढून घ्यायची. "पाहुण्यानं भांडे घासले तं गावात आपलं नाक राह्यते का?" त्यांनी अंगण झाडायला घेतलं तर झाडू लपवला. बादली उचलली तर पोट्ट्यांना पिटाळलं. सेवा करायला सात समुद्र ओलांडून आलेली ती बिचारी माणसं दिवसभर बाजेवर बसून राहायची, आणि दर दोन तासांनी आई त्यांना काहीतरी खायला द्यायची. एका संध्याकाळी खास रोडग्यांचा बेत केला. रोडगे कशावर भाजतात ते पाहायला चौघं उत्साहानं मागच्या अंगणात आले. गोवऱ्यांचा आर फुललेला होता. चष्मेवालीनं विचारलं, हे कशाचं बनवतात? मी खरं ते सांगितलं. तिनं डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि रोडगा घेतला. वांग्याच्या भाजीचा पहिला घास गेल्यावर दुसरी प्रार्थना केली, ही आखूड.

संडासाचं थोडक्यात सांगतो. उकिडवं बसणं चौघांपैकी कुणालाच जमेना. आईच्या गुडघ्यांसाठी आणलेली कमोडची खुर्ची घरात होती. तिच्यावर सगळ्यांचा हक्क झाला, आणि स्वतःच्या खुर्चीसाठी आई पहाटे रांगेत पाचवी उभी राहू लागली. "येशूनं पाय धुतले थे समजते," ती म्हणाली, "पण त्यानं शिष्याईची खुर्ची नाई घेतली."

एका रात्री लाइट गेली होती. पाहुण्यांनी विचारलं, या भागात आमच्याआधी कोण आलं होतं? मास्तराला असा प्रश्न विचारू नये. मी स्टीफन हिस्लॉप काढला. १८४५ साली नागपूरला आलेला स्कॉटिश मिशनरी. त्यानं शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. पाहुणे खूश. मग पुढचंही सांगितलं. १८६३ च्या सप्टेंबरात तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला, रात्री घोड्यावरून एकटाच परत येताना नाल्याच्या पुरात बुडाला, आणि मुक्कामावर घोडा तेवढा रिकामा पोहोचला. बाहेर आमचा नाला चांगलाच वाजत होता. सकाळी चौघं नाल्याच्या काठावर उभे राहिले ते राहिलेच. पाणी घोट्याएवढं होतं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी त्यांच्या मधून पलीकडे गेली आणि वळून म्हणाली, "काहून उभे हायेत बाप्पा हे? लगन लागून राह्यलं का?"

रंगकाम एकदाचं सुरू झालं. पाहुण्यांनी पिवळा रंग निवडला. सकाळी लावलेला रंग संध्याकाळपर्यंत ओला, आणि रात्रीच्या सरीत पायाशी थारोळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरची इमारत भेगाळते, हे गावच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तो मराठीत बोलला आणि पाहुण्यांनी हसून त्याच्याशी हात मिळवला. मिस्त्रीला वाटलं, पटलं.

भिंत वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून चौघं शेजाऱ्याच्या कपाशीत निंदायला गेले. मला आधी कळलं असतं तर अडवलं असतं. त्यांच्यातला उंच मुलगा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. शेजाऱ्याची पाच एकर पाहून त्यानं विचारलं होतं, ही घरामागची बाग का? त्याच्या घरी सोयाबीन होतं हजारेक एकर, पण तण मारायचं काम फवाऱ्याचं. हातात खुरपं त्यानं जन्मात धरलं नव्हतं. कपाशीच्या ओळींमध्ये तूर होती. त्यांनी तूर उपटली. एकही रोप न सोडता, मन लावून. रोजानं आलेल्या बाया धुऱ्यावर बसून पाहत होत्या. त्यांची मजुरी चालूच होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

शेजारी आला तो कपाळाला हात लावून. पण भांडायला त्याला सवड नव्हती, कारण त्याचा फवारणीचा बॅटरी पंप बंद पडला होता. आयोवावाल्यानं तो पाहिला, मांडी घालून बसला, माझ्या घरचा स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि तासाभरात पंप सुरू करून दिला. मग त्यानं विचारलं, मास्क कुठे आहे? शेजाऱ्यानं खांद्यावरचा शेला दाखवला. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. रंगकामासाठी आणलेले मास्क आणि हातमोजे होते तेवढे सगळे उचलून तो घरोघर वाटत सुटला. ते या विषाला पुरे पडतील की नाही, याची त्याला स्वतःलाच शंका होती, आणि तसं तो प्रत्येकाला माझ्याकडून सांगवत होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या अंगणात पंपांची रांग लागली. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली. बैलगाडीत पंप, मोटरसायकलवर पंप. बाकीचे तिघं नट-बोल्ट पुसून द्यायला बसले. आई त्यांना पहिल्यांदाच काम करू देत होती, कारण भांडी नव्हती ती. भिंतीकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. ती अर्धी पिवळी, अर्धी पांढरी, तशीच आहे.

पाहुणे गेल्यावर पाळकसाहेबांनी आभाराचं पत्र लिहायला मला बसवलं. पडवीत मंडळीतले आणि मंडळीबाहेरचेही जमले. मी 'परमेश्वराच्या कृपेनं' इथपर्यंत आलो होतो.

"थ्या लंब्यालेच पाठवा म्हना पुढच्या साली," शेजारी म्हणाला. "बाकीचे नाई आले तरी चालते."

"असं लिहिता येत नाही हो," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग असं लिहा, की चौघंही या," आई आतून म्हणाली, "पण येतानी आपापली खुर्ची आना."

"अन् नोझल," कुणीतरी म्हणालं. "वायसर बी लिहा, मास्तर. मोठ्या साइजचे."