विकिपीडियावर कोन्याक मुरवताना

लेख सुधारायला बसण्याआधी तो बिघडलेला आहे, अशी स्वतःची खात्री करून घ्या. रेमी मार्टाँ घराण्याची ‘लुई तेरावा’ ही कोन्याक उदाहरणादाखल घेऊ. बाटली हजारो डॉलरची आणि लेखात काय? तर फ्रान्सच्या शारांत भागातली ब्रँडी, द्राक्षं ग्रांद शांपान्य पट्ट्यातली, सुरई बाकाराच्या क्रिस्टलची. वाचताना पतपेढीचा वार्षिक अहवाल आठवतो. हे तुमच्यासारख्या रसिकाला कसं बघवेल?

पहिलं काम खातं उघडण्याचं. सदस्यनाव ब्रँडचंच ठेवा, म्हणजे तुम्हाला शोधण्यात प्रचालकांचा वेळ जात नाही. पैसे घेऊन लिहीत असाल, तर काम कुणाचं आणि पैसे कुणाचे हे जाहीर करावं, असं वापराच्या अटींत 2014 पासून लिहिलेलं आहे. पण अटी वाचायच्या असत्या तर ‘मान्य’चं बटण कशाला दिलं असतं? चर्चा पानावर ‘अमुक बदल सुचवतो, हा संदर्भ, माझा हितसंबंध असा आहे’ एवढ्या तीन ओळी लिहिल्या की दुसरा कुणी तटस्थपणे तपासून बदल करतो. ही वाट फारच सोपी आहे. तिकडे फिरकू नका.

मग विशेषणं. जगद्विख्यात, अजोड, राजेशाही, कालातीत. एका वाक्यात तीन बसली पाहिजेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, 3 बाइट्स खातं, म्हणजे एकटं ‘जगद्विख्यात’ 33 बाइट्सचं. अशी पन्नास पेरली की ‘इतिहास’ पानावर, म्हणजे कुणी किती बाइट्स वाढवले-घटवले त्याच्या नोंदवहीत, ठळक हिरवा आकडा उमटतो आणि गस्त घालणाऱ्यांना तो लांबूनही दिसतो. संपादन सारांशात ‘शुद्धलेखन’ लिहा आणि ‘छोटा बदल’वर टिचकी मारा. आकडा शेजारीच असतो, पण लोक एवढे संशयी थोडेच असतात.

लेखातल्या कोन्याकच्या इतिहासात तारखा जपून वापरा. ही सुरई ज्या जुन्या चंबूवर बेतली आहे, तो झार्नाकच्या रणभूमीवर सापडला असं सांगतात. ती लढाई 1569 ची. लुई तेरावा जन्मला 1601 मध्ये आणि गेला 1643 मध्ये. रेमी मार्टाँ घराणं सुरू झालं 1724 मध्ये आणि ही कोन्याक आली 1874 मध्ये. म्हणजे चंबूची लढाई राजाच्या जन्माआधी 32 वर्षांची आणि घराणं राजाच्या मरणानंतर 81 वर्षांनी. हे आकडे एका परिच्छेदात आले की वाचक वजाबाकी करत बसतो. त्यापेक्षा ‘शतकानुशतकांचा राजेशाही वारसा’ लिहा. त्यात वजा करायला काही नसतं.

‘शांपान्य’ शब्दाला फसफसणाऱ्या शँपेनच्या लेखाचा दुवा द्यायला विसरू नका. ग्रांद शांपान्य हा कोन्याक गावाजवळचा चुनखडीच्या जमिनीचा पट्टा, आणि शँपेनचा प्रदेश पार पॅरिसच्या पलीकडे. पण निळा दुवा दिसला की वाचकाला लेख भरीव वाटतो.

आता संदर्भ. इथे कोन्याकचीच पद्धत उचला. युनी ब्लाँ द्राक्षांची आंबट, पातळ वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा चढवतात. पहिल्या खेपेला साधारण 30 टक्क्यांचा अर्क मिळतो, दुसऱ्या खेपेला 70 च्या आसपासचा. तुम्हीही तसंच करा. एक बिनबुडाचं वाक्य लेखात सोडा. एखाद्या नियतकालिकाच्या जीवनशैली पुरवणीत ते जसंच्या तसं उतरेपर्यंत वाट पाहा. मग तीच पुरवणी संदर्भ म्हणून जोडा. दोनदा चढवलेली थाप अगदी नितळ दिसते. भट्टीवरचा माणूस पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली ठेवतो, तेवढं मात्र आपल्याला परवडणार नाही.

पिंपातून दरवर्षी जे उडून जातं त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्यावर दोन परिच्छेद हवेतच. त्याच वाफेवर पोसणारी काळी बुरशी कोन्याकच्या कोठारांच्या भिंती आणि छपरं काजळीसारखी माखून टाकते. बाउडोइनिया कॉम्पनियासेन्सिस हे तिचं शास्त्रीय नाव खुद्द कोन्याकवरूनच पडलंय. ती गाळा. देवदूत पितात तिथे बुरशीही पिते, हे ऐकून ग्राहक दचकतो. रंग एकसारखा राहावा म्हणून कोन्याकमध्ये कॅरॅमल घालायची मुभा आहे, तेही नको.

फोटो कंपनीच्या संकेतस्थळावरून उचला आणि विकिपीडियाच्या कॉमन्स या चित्रकोठारावर ‘स्वतःचं काम’ म्हणून चढवा. कॅमेऱ्याची नोंद आणि छायाचित्रकाराचं नाव बहुधा फाइलच्या पोटातच असतं, त्यामुळे हटवणाऱ्यांचीही सोय होते.

कुणी बदल उलटवला तर पुन्हा तोच टाका. इंग्रजी विकिपीडियावर 24 तासांत तीनदा उलटवण्याची मर्यादा आहे. चौथ्यांदा दुसऱ्या खात्यातून या. 2015 मध्ये तिथे पैशांसाठी लेख लिहिणारी 381 खाती एकाच झटक्यात बंद झाली. त्यातल्या प्रत्येकाला आपण एकटेच हुशार वाटत असणार.

आणि अपराधी वाटून घेऊ नका. आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून सोडा आणि म्युझिक सीडी पुढे करतात. फ्रान्समध्ये 1991 च्या एव्हाँ कायद्याने दारूच्या जाहिरातींना टीव्ही आणि सिनेमागृह दोन्ही बंद. मग बिचाऱ्या ब्रँडने जायचं कुठे?

एखाद्या सकाळी द्रुतमाघारीच्या, म्हणजे सगळे बदल एकदम उलटवणाऱ्या बटणाच्या, एका टिचकीत तुमचं सगळं गेलेलं असेल: विशेषणं, वारसा, देवदूत. महिनाभर गप्प बसा. मग एकच नाजूक काम करा. लेखात ‘100 वर्षांपर्यंत मुरलेले अर्क’ असं असेल. तिथे ‘100 वर्षे मुरलेले अर्क’ करा. कायद्याने मिश्रणाचं वय त्यातल्या सर्वांत कोवळ्या अर्कावरून ठरतं, तेही ओकच्या पिंपात काढलेलंच मोजतात. बाटलीत गेल्यावर कोन्याक एक दिवसही मुरत नाही. बाटलीवर ‘एक्सओ’ हा जुनेपणाचा दर्जा लिहायला 2018 पासून किमान 10 वर्षं लागतात. पण ‘पर्यंत’ गेला की पूर्ण सुरई शंभरीची होते. इतिहासात नोंद फक्त −21 अशी पडेल, बारीक, लाल, छोट्या बदलाच्या खुणेसह. एवढ्याशा आकड्याकडे कोण बघतंय?

वीस मिनिटांनी पान पुन्हा उघडा. वरच्या ओळीत हिरवं +21 असेल, आणि सारांशात एकच शब्द: ‘पर्यंत’.