‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

लामालेरा, म्हणजे इंडोनेशियातल्या लेंबाता बेटावरचं देवमाशांची शिकार करणारं गाव, त्यावरच्या माझ्या पोस्टखाली काल रात्री ‘स्पष्टवक्ता’ नावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हणे गरिबीला फिल्टर लावून विकतो, देवमासे मारणाऱ्यांचं कौतुक करतो, दवाखान्यावर एक ओळ लिहीत नाही, हसऱ्या पोरांचे फोटो टाकून लाइक गोळा करतो. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "अशा गावांना भविष्य नसतं, शहाण्या सरकारने ती हजार-दोन हजार माणसं उचलून शहरात नेऊन ठेवावीत, विषय संपला."

आधी फोटोंचं. पोरांचे फोटो जरा जास्त झाले, मान्य. दोन काढले. झालं?

आता ‘विकतो’. या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. अहो, टीका करा ना, इतकी वर्षं लिहितोय, टीका काही नवीन नाही, पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्या हेतूबद्दल टोपणनावाआड बसून बोलायचं आणि वर त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचं, ही कुठली पद्धत? तुम्ही लेंबाता बेट नकाशावर तरी शोधलंत का, हे विचारणार होतो. विचारत नाही, जाऊ दे.

पण ते ‘उचलून नेऊन ठेवावीत’ मला झोपू देईना. माणसं काय सिमेंटच्या गोण्या आहेत? बरं, न्यायची कुठे? लेवोलेबाला? ते लेंबाताचं जिल्ह्याचं ठिकाण, १९९९ मधे जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तिथे सरकारी ऑफिसं वाढली, दुकानं वाढली, पण हजार माणसांना पुरेल असं काम कुठंय? कुपांगला? ते प्रांताच्या राजधानीचं शहर, तिथे आधीच अख्ख्या प्रांतातली पोरं कामासाठी येऊन पडलेली असतात. आणि लामालेराचा माणूस शहरात गेला की काय होतो? समुद्रावर तो लामाफा असतो, म्हणजे बांबूच्या टोकाला लावलेला हारपून (काटेरी भाला) घेऊन होडीच्या नाळेवरून देवमाशावर उडी मारणारा, त्याला गावात मान असतो. शहरात तो हमाल. हे तुम्हाला भविष्य वाटतं.

दुसरं म्हणजे तुम्हाला वाटतंय की ही माणसं गावाला चिकटून बसलीत आणि कोणीतरी येऊन त्यांना सोडवायला हवंय. ती कधीचीच बाहेर पडतायत हो! फ्लोरेस, आदोनारा, लेंबाता या शेजारशेजारच्या बेटांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या मलेशियात साबाहला पाम तेलाच्या मळ्यांवर जातात, कितीतरी जण कागदपत्रांशिवाय. या प्रांतातले किती मजूर शवपेटीतून कुपांगच्या विमानतळावर परत येतात यावर तिथले पेपर वर्षानुवर्षं लिहितायत. २००२ मधे मलेशियाने कायदा कडक केला आणि लाखोंना हाकललं, तेव्हा हजारो माणसं सीमेजवळ नुनुकानला अडकून पडली, पाणी नाही, औषध नाही, कित्येक मेली. जे वाचले त्यांच्यातले बरेच कुठे गेले? गावी. शहरात कोणी बोलावलं नव्हतं त्यांना.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमचं गाव गुहागरकडचं, बाबा परळच्या एका मिलमधे साच्यावर होते. १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, चाळीतलं भाडं थकलं, दुकानदाराने उधारी बंद केली. आम्ही आईसोबत गावी गेलो आणि आजीच्या पेजेवर आणि कुळथाच्या पिठीवर काढलं. गावाला भविष्य नाही हे तेव्हाही मुंबईतले हुशार लोक बोलत होतेच. बाबांची मिल परत कधी चालू झाली नाही, त्या जागेवर आता टॉवर आहे. गाव अजून तिथेच आहे. त्यामुळे साहेब, शहर म्हणजे भविष्य आणि गाव म्हणजे भूतकाळ हा हिशोब निदान मला तरी शिकवू नका. पुढे मीही पोटासाठीच पुर्वाकार्ताच्या एका सूतगिरणीत गेलो, जावाला, तिथे माझ्या शिफ्टचा फोरमन लेंबाताचा होता आणि त्याच्यामुळेच मी पहिल्यांदा पेल्नी या सरकारी कंपनीच्या जहाजाने तिकडे गेलो. दर महिन्याला तो घरी पैसे पाठवायचा, त्यातले काही कुळाच्या होडीच्या डागडुजीला जायचे. तो गाव सोडून गेलेला माणूस की गावातला माणूस? सांगा तुम्ही.

कारण तिथली होडी, तेना म्हणतात तिला, एका माणसाची नसते, कुळाची असते. देवमासा किनाऱ्याला आला की त्याचे वाटे आधीपासून ठरलेले असतात: हारपूनवाल्याचा, वल्ह्यांवरच्यांचा, होडी बांधणाऱ्याचा, शीड विणणाऱ्याचा, हारपूनचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, जमिनीच्या मूळ मालक घराण्यांचा. त्यातून पुढे विधवा, म्हातारे. जमीन खडकाळ आणि चढाची, पिकत काही नाही, म्हणून बायका सुकवलेलं मांस डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांत जातात आणि मका, केळी, कंद घेऊन येतात. जवळच्या वुलांदोनी गावच्या शनिवारच्या बाजारात आजही माशाच्या बदल्यात मका मिळतो. हे मी ‘रोमँटिक’ म्हणून लिहिलं नव्हतं, तिथे खिशात रुपिया नसतानाही चूल पेटते म्हणून लिहिलं होतं.

आणि शहाण्यांनी येऊन गाव सुधारायचा प्रयोग झालाय आधी. १९७० च्या दशकात एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, नॉर्वेचा एक अनुभवी शिकारी पाठवला, आधुनिक पद्धतीने देवमासे कसे मारायचे हे शिकवायला! काही वर्षांत प्रकल्प गुंडाळला, गाव आपल्या होड्यांवर परत. (आता देशोदेशीच्या संस्था येऊन मारू नका म्हणून शिकवतात.)

तिथून कोण काय झालं असंही तुम्ही विचारलंयत. इंडोनेशियातल्या कितीतरी पिढ्या ज्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांवर शिकल्या ते गोरिस केराफ लामालेराचे. सोनी केराफ, १९९९ ते २००१ या काळात देशाचे पर्यावरणमंत्री, तेही लामालेराचे. देवमासे मारणाऱ्या गावाने देशाला पर्यावरणमंत्री दिला, यावर हवं तर हसा, मीही हसलो होतो. पण हे दोघे कोणी उचलून नेले नव्हते.

आता सगळं छान चाललंय असं मी कुठे म्हटलं? पोरांना लामाफा व्हायचं नाहीये, मोबाइल आणि बाइक हवीय, माझ्या पोस्टमधे ते आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल. आउटबोर्ड मोटरी आल्या, आता तेना पुष्कळदा मोटरबोटीला बांधून ओढत नेतात, आणि मोटर आली की पेट्रोल आलं, पेट्रोल मक्याच्या बदल्यात मिळत नाही. २०१४ मधे मांटा रे, म्हणजे पंखांसारखा पसरट मोठा मासा, देशभर संरक्षित झाला, म्हणजे एक आधार गेला. उलट २०१५ पासून दाना देसाचा, म्हणजे ग्रामनिधीचा पैसा थेट गावांना यायला लागला, सगळ्या देशात मिळून २०१५ मधे २० ट्रिलियन रुपियांच्या वर, २०१९ पर्यंत ७० ट्रिलियन. त्यातून बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या पायवाटाच झाल्या हे माझं मत. माझ्या हातात असतं तर मी तो पैसा बर्फाच्या कारखान्यात आणि शिक्षकांच्या पगारात घातला असता. तिथला होनोरेर शिक्षक, म्हणजे आपल्याकडचा मानधनावरचा, महिन्याला जे घेतो त्यात शहरात खोलीचं भाडंही भागणार नाही. यावर वाद घालायला या ना, आनंदाने घालू.

देवमाशांबद्दल एवढंच, की इंडोनेशिया आयडब्ल्यूसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोगाचा, सदस्य नाही, गाव स्पर्म व्हेल जातीचे देवमासे मारतं ते खायला आणि मक्यासाठी, आणि निळ्या देवमाशाला हात लावत नाही. प्रतिक्रियेत तुम्ही दिलेल्या लिंक मी उघडल्या नाहीत.

दवाखाना, रात्री अडलेली बाई, रस्ता वगैरे तुम्ही लिहिलंत. ते आहेच हो, कुठे नाहीये? आमच्याकडेही होतं. त्यावर वेगळं कधीतरी.

बाकी ज्यांनी नीट शब्दांत बाजाराबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी: वुलांदोनीचा बाजार शनिवारी असतो, सकाळी लवकर, त्यामुळे शुक्रवारी लामालेरात कोणाच्या तरी घरी मुक्काम करा. लेवोलेबाहून जाणारे ट्रक ठरलेल्या वेळेला सुटत नाहीत, भरले की सुटतात.