जे दिसलंच नाही ते काढायचं कशाला?

दुपारपासून डोकं तापलंय. भाचीने तिच्या बायोलॉजीच्या जर्नलचा फोटो पाठवला. नववीत आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाईड, सगळ्यांनी केलेलं प्रॅक्टिकल. तिच्या आकृतीवर लाल पेनची फुली, १० पैकी ४, आणि शेरा: "तंतुकणिका कुठे आहे? पुस्तकाप्रमाणे काढा." खाली पोरीचा एकच मेसेज, "मावशी पण मला दिसलीच नाही ना."

नाहीच दिसणार! तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीत ऊर्जा तयार करणारा बारीकसा भाग, जाडीला साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग). आयोडिन टाकलेल्या पापुद्र्यात शाळेच्या मायक्रोस्कोपखाली ती ओळखू येत नाही, त्यासाठी जानस ग्रीनसारखा वेगळा रंग लागतो. आणि पुस्तकात तिच्या पोटात ज्या नागमोडी घड्या काढलेल्या असतात ना, त्या माणसाला दिसल्या त्याच मुळी १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. म्हणजे वर्गातल्या ज्या ज्या मुलाने त्या दिवशी तंतुकणिका काढली त्याने न बघता काढली, आणि त्याला पूर्ण मार्क. जिने प्रामाणिकपणे बघितलं तिला ४.

तिने काय काढलं होतं तेही सांगते. लांबट पेशी, एकीला एक चिकटून. एका कोपऱ्यात पापुद्रा दुमडला होता तिथे रेषा एकमेकींवर चढलेल्या, तशाच काढल्या. केंद्रक (न्यूक्लियस) मधोमध नाही, भिंतीला टेकलेलं. आणि एक जाड काळ्या कडेचं गोल, त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात "हे काय आहे?" तो कव्हरस्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा. आख्ख्या जर्नलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तिचा तो प्रश्न होता आणि फुली नेमकी त्याच्यावरून गेलीय.

विचार करा, त्या एका पानावर किती तास शिकवता आलं असतं. केंद्रक कडेला का? कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाणीदार रसाच्या पिशवीने व्यापलीय. मग रिक्तिका दिसत का नाही? जे दिसत नाही ते आहे हे आपण कशावरून म्हणतो? बुडबुडा आणि पेशी यात फरक कसा ओळखायचा? मला तर हेच बायोलॉजी वाटतं, बाकी नावांची यादी आहे.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा काप बघून रिकामे कप्पे काढले, कारण त्याला रिकामेच दिसले, मेलेल्या पेशी होत्या त्या. त्याला कोणी म्हटलं नाही की केंद्रक राहिलं, मार्क कट. केंद्रकाला ते नाव रॉबर्ट ब्राऊनने दिलं १८३१ मध्ये. आणि पुस्तकाचं म्हणाल तर माणसाची गुणसूत्रं (क्रोमोसोम) ४८ असं थिओफिलस पेंटर या शास्त्रज्ञाने १९२३ ला सांगितलं, ते पुस्तकात गेलं आणि तीसेक वर्षं तेच शिकवलं गेलं. १९५६ मध्ये चिओ आणि लेव्हान या संशोधकांनी नीट मोजली तर ४६! त्या काळात एखाद्या पोराने ४६ मोजली असती तर त्यालाही लाल पेनच मिळालं असतं.

आधी मुलाला स्वतः बघू द्यायचं, या पद्धतीला प्रागतिक शिक्षण म्हणतात. पण ते म्हटलं की लोकांना वाटतं मुलांना मोकाट सोडायचं, अभ्यास नाही, शिस्त नाही. असं काही नाहीये. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईने १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा-शाळा काढली ती मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करून त्याला विषयापर्यंत न्यायला, आणि १९३८ मध्ये त्यानेच आपल्या बाजूच्या लोकांना झापलंय की नुसतं स्वातंत्र्य दिलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही, प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. नियोजन शिक्षकाचं, ते आणखी अवघड असतं. आणि हो, नावं पाठ करावी लागतात, मान्य. केंद्रक हा शब्द कुठलंही मूल स्वतः शोधून काढणार नाही, तो सांगावाच लागतो. पण आधी गोष्ट दिसू दे, मग नाव द्या.

याच वयात हे जास्त गरजेचं आहे. हायस्कूलमध्ये दुसऱ्या कुठल्याच विषयात असं नसतं की धड्यात जे चाललंय तेच वाचणाऱ्याच्या शरीरात चाललंय. आवाज फुटतोय, पाळी सुरू झालीय, पिंपल्स आलेत, शंभर प्रश्न आहेत, आणि प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचून या". याचा मला तंतुकणिकेपेक्षा जास्त राग येतो. ज्या एका धड्याला मुलं स्वतःहून प्रश्न घेऊन बसलेली असतात तोच गाळायचा! मग ती प्रश्न घेऊन कुठे जातात, माहितीये आपल्याला सगळ्यांना.

आणि सगळ्यात वाईट पुढे आहे. भाचीने पान परत काढलं. पट्टीने सरळ भिंती, केंद्रक मधोमध, चार सुबक तंतुकणिका, बुडबुडा गायब. ९ मार्क. मी विचारलं मायक्रोस्कोपमधून परत बघितलंस का, म्हणाली "नाही गं, पुस्तकातूनच काढलं, तेच बरोबर असतं." तेच बरोबर असतं!! आठवड्याभरापूर्वी हीच पोरगी "हे काय आहे" विचारत होती.

त्या बाईंवर माझा राग नाही (लिहायला बसले तेव्हा होता, खरं सांगते). त्यांच्यासमोर साठ मुलं, मायक्रोस्कोप बहुतेक एक किंवा दोन, जर्नल तपासून द्यायची तारीख डोक्यावर, आणि बाहेरून येणारा परीक्षक पुस्तकातलीच आकृती शोधणार. त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलं असेल. पण म्हणून चालू द्यायचं का? साठ मुलांना एकच मायक्रोस्कोप असला तरी "तुला काय दिसलं" हे विचारायला जास्तीचा मायक्रोस्कोप लागत नाही.

माझ्या यादीत बायोलॉजी शिकवणारे बरेच जण आहात. एक करून बघा. जर्नलमध्ये समोरासमोर दोन आकृत्या, डाव्या पानावर स्वतःला दिसलेली, उजव्या पानावर पुस्तकातली, आणि खाली दोन्हीत फरक काय आणि तो का असेल यावर मुलाचे स्वतःचे चार शब्द. बोर्डाची आकृतीही झाली, परीक्षकही खूश. मार्क मात्र त्या चार शब्दांना द्या. शाळेत करू देत नसतील तर कोण अडवतं आणि काय कारण देतं ते खाली लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.