लॉकअपच्या दारात पगडी, माळ आणि ओढणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हद्दपार केलेल्या भारतीयांना घेऊन लष्करी विमानं अमृतसरला उतरली, तेव्हा त्यातले काही शीख तरुण उघड्या डोक्याने बाहेर आले. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने निषेध केला आणि विमानतळावरच त्यांच्यासाठी पगड्यांची सोय केली. बेड्यांइतकाच त्या उघड्या डोक्यांचाही लोकांना राग आला. यायलाच हवा होता. पण तो आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या लॉकअपसमोरही यायला हवा, म्हणून ही पोस्ट.

मी फौजदारी वकिली करते. अटकेनंतर अंगझडती होते. पट्टा, बुटाच्या नाड्या, पैसे, मोबाइल काढून घेतात. मग गळ्यातलं: मंगळसूत्र, ताईत, तुळशीची माळ, लिंगायत असेल तर इष्टलिंग. कमरेचा करदोटा. पारशी असेल तर कुस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र दोरा. डोक्यावरची पगडी, खांद्यावरची ओढणी. कुणाचं काय काढायचं, कुठे काढायचं, कुणासमोर काढायचं, हे त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे त्यावर ठरतं. एखादा हवालदार आपणहून सांगतो, "बाबा, माळ राहू द्या." दुसऱ्या ठाण्यात तीच माळ हिसकली जाते.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "याने गळफास घेतला तर आमची नोकरी जाते." ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. कोठडीत मृत्यू झाला की सीआयडी येते, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते, निलंबन होतं. पण मे २०२४ मध्ये मुंबईत क्राइम ब्रँचच्या कोठडीतल्या एका आरोपीचा मृत्यू झाला. त्याने शौचालयात चादरीने गळफास घेतल्याचं पोलिसांनी सांगितलं, कुटुंबीयांनी ते मान्य केलं नाही. पोलिसांचं म्हणणं जसंच्या तसं धरलं, तरी ती चादर कोठडीतलीच होती. जीव वाचतो तो नजर ठेवल्याने. रात्रभर कुणी डोकावून बघणार नसेल, तर नुसती माळ काढून घेतल्याने काही साधत नाही.

आता कायदा बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४९ नुसार अटक केलेल्याच्या अंगावरच्या वस्तू सुरक्षित ठेवायच्या आणि घेतलेल्या वस्तूंची पावती त्याला द्यायची. पण अंगावरचे आवश्यक कपडे यातून वगळले आहेत, ते काढून घ्यायचे नाहीत. तिच्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्येही हेच होतं. मग माझा प्रश्न असा, की ज्या माणसाने कळत्या वयापासून उघड्या डोक्याने उंबरा ओलांडला नाही, त्याची पगडी आवश्यक कपड्यात येत नाही का? जी बाई परपुरुषासमोर डोकं झाकल्याशिवाय कधी उभी राहिली नाही, तिची ओढणी, तिचा हिजाब येत नाही का? माझ्या मते येतो.

त्याच कलमात पुढे म्हटलंय, की बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि सभ्यता काटेकोरपणे सांभाळून. रात्री ठाण्यात महिला अंमलदार नाही, ही सबब आम्ही नेहमी ऐकतो. कायद्याने झडती घेणारी बाई पोलीसच हवी असं म्हटलेलं नाही. गावातली कुणी जबाबदार बाई बोलावता येते. तेवढा वेळ थांबायचं, एवढंच.

एक वारकरी बाबा आठवतात. भावकीतलं बांधाचं भांडण, मारामारीचा गुन्हा, रात्री अटक. दुसऱ्या दिवशी रिमांडला आणलं तेव्हा ते उभे होते आणि उजवा हात सारखा गळ्याशी जात होता, काही सापडत नव्हतं, पुन्हा खाली येत होता. मी विचारलं, काही खाल्लं का? म्हणाले, "माळ नाही गळ्यात. कसं खाऊ, ताई?" रात्रीपासून पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं. माळ घातलेल्या घरात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. माळ तुटली तर ती ओवून गळ्यात पडेपर्यंत न जेवणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांची माळ खाकी पाकिटात होती, वर लिहिलेलं "मण्यांची माळ १ नग", आणि त्याच पाकिटात तंबाखूची डबी. मी अर्ज दिला, न्यायाधीश साहेबांनी माळ परत देण्याचा आदेश केला. कॉन्स्टेबलने पाकीट फाडलं, तर माळ स्टेपलरच्या पिनेत अडकलेली. त्याने ती दोन्ही हातांनी, अगदी हळू सोडवली. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण असा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया येते, "हे सगळं बुरख्यासाठी चाललंय." बुरख्यासाठीही चाललंय, होय. आणि माळेसाठी, मंगळसूत्रासाठी, पगडीसाठी, इष्टलिंगासाठीही. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढायला लावलेली बाई कोर्टात पदराने गळा झाकून उभी राहते, ते मी पाहिलंय. तिला हिजाबवालीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

झडती नको, असं मी म्हणत नाही. बुरख्याआड कोण आहे हे पोलिसांना बघावंच लागेल. चेहरा बघितला पाहिजे, ओळख पटवली पाहिजे, पगडीत काही लपवल्याचा संशय असेल तर ती उलगडून बघितली पाहिजे. प्रश्न फक्त कसं याचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांसाठीच्या आचारसंहितेतच लिहिलंय, की धार्मिक भावनेचा प्रश्न असेल तर डोक्यावरचं किंवा चेहऱ्यावरचं वस्त्र लोकांच्या नजरेआड काढू द्यावं, शक्य असेल तिथे त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर. आणि कोठडीत वैयक्तिक वस्तू काढून घेतली तर का घेतली हे त्या व्यक्तीला सांगावं लागतं. यात खर्च कसला? एक पडदा, एक खोली, दोन वाक्यं.

फोटोचंही तेच. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१७ मध्ये दोन मुस्लीम महिलांना फोटोसाठी हिजाब काढायला लावला. त्या कोर्टात गेल्या. २०२० मध्ये पोलिसांनी नियम बदलला, चेहरा स्पष्ट दिसत असेल तर डोक्यावरचं वस्त्र राहू द्यायचं. २०२४ मध्ये शहराने अशा लोकांसाठी १ कोटी ७५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. आपल्याकडे पासपोर्टच्या फोटोत पगडी आणि हिजाब चालतो, चेहरा दिसला की झालं. मग पोलीस ठाण्यातल्या फोटोलाच का चालू नये? ओळख परेड व्हायची असली की हेच पोलीस आरोपीचं तोंड काळजीपूर्वक झाकून कोर्टात आणतात. झाकायचं कसं, ते त्यांना चांगलं येतं.

कृपाणाचा मुद्दा वेगळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानप्रवासात सहा इंच पात्याचं, एकूण नऊ इंचांपर्यंतचं कृपाण शीख प्रवासी अंगावर ठेवू शकतो. तरीही लॉकअपमध्ये ते आत नेऊ देता येणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे आणखी माणसं कोंडलेली असतात. पण कृपाण काढून कोयते-काठ्यांच्या मुद्देमालात टाकायचं, की वेगळं गुंडाळून, पावती करून, नातेवाइकांच्या किंवा गुरुद्वाराच्या सेवादाराच्या हाती द्यायचं, यात फार मोठं अंतर आहे. नांदेडसारखं शहर असलेल्या राज्यात हे तरी ठरलेलं असावं.

पगडी लांबलचक असते, पाच-सहा मीटरची, तिचा धोका मला कळतो. त्याऐवजी डोक्याला बांधायला छोटा पटका देता येतो. पिनांच्या ओढणीऐवजी शिवलेला, डोक्यातून घालायचा हिजाब चालतो. घरच्यांना फोन केला की तासाभरात आणून देतात. जिथे खरंच जिवाचा धोका दिसतो, तिथे काढून घ्या, पण कारण स्टेशन डायरीत लिहा. "नेहमीच घेतो" हे कारण होत नाही.

१९८३ मध्ये शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने याच महाराष्ट्रातल्या कोठड्यांविषयी आदेश दिले होते: महिलांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस. एका पत्रकार बाईच्या पत्राने ते झालं. आता गृह विभागाने एका पानाचं परिपत्रक काढावं, मराठीत, आणि ते ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली असावं. मी ज्या ज्या ठाण्यांत गेले, तिथे असा कागद मला दिसलेला नाही.

तोवर वकील मित्रांनो, रिमांडच्या वेळी तोंडी विनंतीवर थांबू नका. लेखी अर्ज द्या, अंगझडती पंचनाम्याची प्रत आणि वस्तूंची पावती मागा, पावती दिली नसेल तर तसं अर्जात लिहा. त्यावर झालेल्या आदेशाची प्रत मला पाठवा. गृह विभागाला द्यायच्या निवेदनाला मी ती जोडणार आहे.