सरकी, तुरी आणि आईची खाट

आमच्या दारव्ह्याकडच्या गावात माणसं भेटली की तुरीला फूल किती, सोयाबीनला भाव काय, हे विचारतात. मला विचारतात, "आज कोन कोनाच्या वर हाये?"

प्रश्न सशांबद्दलचा आहे. दोन माद्या आहेत. पांढरी न्यूझीलंड व्हाइट ती सरकी, राखाडी सोव्हिएत चिंचिला ती तुरी. विकणाऱ्यानं "सख्ख्या बहिनी हायेत, जन्मभर सोबत राहीन," असं सांगून दिल्या. दोन वेगळ्या जातींच्या सख्ख्या बहिणी कशा, हे विचारेपर्यंत त्यानं पैसे मोजून खिशात घातले होते.

लहानपणी त्या खरंच एकमेकींचे कान चाटत झोपायच्या. वयात आल्या, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या झाल्या, आणि तुरी एका सकाळी सरकीच्या पाठीवर चढली. शेजारच्या काकांनी तंबाखू चोळत निकाल दिला, "बाबू, हे तं नर हाये. गंडवलं तुले." दुपारपर्यंत तुरीला उलटं करून बघायला अर्धी आळी येऊन गेली. निष्पन्न काही नाही. मतं मात्र पडली, आणि सरपंचकीच्या निवडणुकीपेक्षा जास्त पडली.

तुरी मादीच होती. माद्या एकमेकींवर चढतात ते इथे मालकीण कोण हे ठरवायला. तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण सशाच्या मादीला गाईसारखा दर 21 दिवसांनी माज येत नाही. संग झाला की त्यानंतर तिची बीजं सुटतात. आणि तिचं शरीर इतकं भोळं की पाठीवर मैत्रीण चढली तरी त्याला संगच वाटतो. मग पोटात काही नसताना सोळा-अठरा दिवस मादी गाभण असल्यासारखी वागते.

सरकीनं तेच केलं. तोंडात कुटार धरून कोपऱ्यात नेलं, गळ्याखालचे केस उपटून त्यावर अंथरले आणि जवळ जाणाऱ्या प्रत्येक हातावर गुरगुरत धावून गेली. आई हरखली. बाळंतिणीच्या खोलीत पोरांनी पाय ठेवायचा नाही, रेडिओ हळू लावायचा, असे हुकूम सुटले. दिवस भरले, आईनं घरट्यात हात घातला आणि ओरडली, "पोट्टे कुठी गेले वं माय?" संशय मांजरीवर. बिचारीला दोन दिवस दूध मिळालं नाही. काकांचं म्हणणं मुंगूस. पिल्लं मुळात नव्हतीच, हे त्या दोघांना मी अजून पटवतो आहे.

खरी पिल्लं हवीत म्हणून शेवटी सरकीला पलीकडच्या गावच्या नराकडे नेलं. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं असतं, नराला तिच्याकडे आणलं तर ती घरात शिरलेल्या चोरासारखं त्याला फोडून काढते. आम्ही चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत नर कार्यभाग उरकून एका कुशीवर धपकन पडला. मला वाटलं गेला. मालक म्हणाला, "काही होत नाही, उठते आता."

घरी परत आलो तर खरी पंचाईत. सरकीच्या अंगाला परक्या नराचा वास. जिचे कान काल चाटले तिला तुरीनं ओळखच दिली नाही, थेट पोटावर लाथ. सरकीनंही कानाला चावा घेऊन हिशेब चुकता केला. तेव्हापासून मध्ये जाळी आहे. जाळीला नाक लावून दोघी तासन्‌तास बसतात. आई म्हणते, "आता कशी आठोन येऊन राह्यली!" जाळी काढली की आठवण संपते.

एकतिसाव्या दिवशी पहाटे सरकी व्याली. उघडी-नागडी, डोळे मिटलेली पिल्लं. आणि जाळीपलीकडे तुरीनंही केस उपटून घरटं घातलं! मधल्या धुमश्चक्रीत कोण कधी कोणाच्या पाठीवर गेली देव जाणे. दोन बाळंतिणी, पिल्लं एकीचीच. शिवाय सशीण दिवसातून एकदा, तेही चारपाच मिनिटंच पाजते. हे आईला मान्य नाही. "कशी माय हाये ही?" म्हणत ती गाईच्या दुधात कापसाची वात भिजवून फिरत होती. ढोरांच्या डॉक्टरांनी पिल्लांची गोल पोटं दाखवली तेव्हा कुठे वात खाली ठेवली.

पुण्याचा मेहुणा फोनवर सांगतो, दोघींचं ऑपरेशन करून टाका, भांडणं मिटतील. खरंय त्याचं. ऑपरेशन न करता तशाच ठेवल्या तर उतारवयात गर्भाशयाच्या कर्करोगाचीही भीती मोठी. पण मग पिल्लं कुठली? मैत्री हवी तर वंश सोडा, वंश हवा तर जाळी बांधा. आणि सशाला भूल द्यायची म्हटलं की आमचे डॉक्टर माझ्या बैलाच्या तब्येतीची चौकशी करू लागतात. सरकीची अजून एक-दोन वेतं झाली की नागपूरला नेणार आहे, तोवर उन्हाळा काढायचा. पारा पंचेचाळीसला गेला की सशांचे हाल, त्यांना घाम येत नाही, जी काही उष्णता बाहेर पडते ती बरीचशी कानांवाटे. म्हणून कूलर त्यांना आणि आम्ही अंगणात.

एक गोष्ट मात्र जमली. दोघींपैकी कुणाचीच मालकी नसलेल्या जागी त्या गोडीनं राहतात. अख्ख्या घरात अशी जागा निघाली एकच, आईची खाट. पिल्लं सुटी झाल्यापासून रोज संध्याकाळी दोघी तिच्यावर पसरतात, एकमेकींचं कपाळ चाटतात आणि आई ओट्यावर बसून तूर निवडते. पण परवापासून तुरी खाटेच्या पायाला हनुवटी घासू लागली आहे. सशानं हनुवटी घासली म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं. काल सरकी खाटेवर चढली तर तुरीनं पाय आपटला. आईनं हे पाहिलं, काही बोलली नाही, फक्त माझ्या खोलीतल्या पलंगाची लांबी-रुंदी विचारून गेली.